नऊ महिन्यांची शिदोरी

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत परवा एक तान्हं बाळ होतं. कानांवरून घट्ट बांधलेलं टोपडं, वरून आजीचा पदर. "वारा लागेल त्याला," असं आजी सुनेला दोनदा बजावत होती. खाडी ओलांडेपर्यंत मी त्या इवल्या जिवाकडे बघत राहिलो. केवढा कारभार चालू असतो त्या देहात!

पोटात असताना वार आईच्या रक्तातले आयजीजी जातीचे प्रतिपिंड वेचून बाळाकडे धाडते. बहुतेक भरणा शेवटच्या काही आठवड्यांतला. त्यामुळे दिवस पुरे भरलेल्या बाळाकडे जन्मतः आईइतके, कधी तिच्याहूनही जास्त आयजीजी असतात. ही शिदोरी साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होते. चिकाच्या दुधातला आयजीए आतड्यावर पहारा देतो, तो वेगळाच.

मग बाळ स्वतःचे प्रतिपिंड भराभर का बनवत नाही? बी-पेशी तर जन्मतःच हजर असतात. पण पहिल्या काही दिवसांतच अब्जावधी जिवाणू आतड्यात वस्तीला येतात, आणि त्यातले बरेच जन्मभराचे सोबती. त्या प्रत्येकावर तुटून पडलं तर आतडंच सुजेल. म्हणून बाळाच्या पेशीच आपल्या भाऊबंदांना आवरून धरतात. नियामक टी-पेशी आवरतात, काही बी-पेशी स्वतःच आयएल-१० हा शांतवणारा रेणू सोडतात. आणि मला सर्वांत थक्क करतात त्या लाल रक्तपेशी होऊ घातलेल्या कोवळ्या पेशी! प्राणवायू वाहण्याआधीच त्या हे आवरण्याचं काम करतात, हे सिनसिनाटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांच्या पिल्लांत दाखवलं. माणसाच्या नाळेतल्या रक्तातही त्या सापडतात.

या संयमाची किंमतही असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडली. शिदोरी संपत आलेली, लस अजून दूर. लवकर टोचावी, तर आईचे उरलेसुरले प्रतिपिंड लसीतल्या विषाणूलाच गारद करतात, आणि बाळाच्या पेशीही पुरत्या तयार नसतात. तरीही साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याचं ठरलं, आणि ते योग्यच होतं.

मात्र तो डोस हिशेबात धरत नाहीत. नऊ महिने पुरे झाल्यावरची आणि सोळा महिन्यांनंतरची, गोवर-रुबेलाची दोन्ही इंजेक्शनं त्या बाळांनाही ठरल्या वेळी द्यावीच लागतात.