यॉर्क : सूर्यापासून प्लूटोपर्यंत सायकलने

सेल्बीजवळच्या कोळसा खाणींमुळे लंडन–एडिंबरा रेल्वेमार्ग 1983 मध्ये दुसरीकडून वळवला गेला. जुन्या मार्गाचे रूळ उखडले आणि यॉर्ककरांना आयता सायकलमार्ग मिळाला. रेल्वेचाच रस्ता, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. लहान मुलंही सहज चालवतात.

या वाटेवर सूर्यमालेची प्रतिकृती आहे, साधारण 57 कोटी 60 लाख पटींनी लहान केलेली. यॉर्कच्या टोकाला सुमारे अडीच मीटर व्यासाचा सूर्य, तर पृथ्वी जेमतेम 22 मिलिमीटरची. पृथ्वी, मंगळ पटापट मागे पडतात. गुरूनंतर मात्र पॅडल मारतच राहावं लागतं. प्लूटो रिकॉलजवळ, सुमारे 10 किलोमीटरवर. त्याचं ग्रहपद 2006 मध्ये गेलं, पण इथली जागा शाबूत आहे. सूर्यप्रकाशाला जिथे पोचायला साडेपाच तास लागतात, तिथे तुम्ही रमतगमत तासाभरात!

नेबर्नच्या जुन्या पुलावर थांबाच : तारेच्या जाळीचा एक मासेमार गळ टाकून बसलाय आणि गळाला लागलीय चक्क आगगाडी.

परतल्यावर सेंट हेलेन्स चौकात ‘बेटीज’मध्ये चहा आणि ‘फॅट रास्कल’ : चेरीचे डोळे, बदामाचे दात असलेला गुबगुबीत स्कोन. रांग असते, खिसाही हलका होतो. तरी चुकवू नये.