अशोकाचे छाट कलम : मातृवृक्ष एक नव्हे, अनेक

अशोकारिष्टासाठी लागणारी साल ही सीतेच्या अशोकाची, म्हणजे 'सराका असोका' या वृक्षाची असते. खोडाभोवतीची साल संपूर्ण सोलली गेल्यास झाड वाळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही प्रजाती 'असुरक्षित' गटात नोंदली गेली आहे. अस्सल साल दुर्मिळ झाल्याने बाजारात उंच सुळक्यासारख्या वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते आणि नारिंगी फुलांचे गुच्छ जून फांद्यांवरही येतात. रोपे तयार करण्यापूर्वी ही ओळख पक्की करून घ्यावी.

या वृक्षाचा कोलकात्याशी जुना संबंध आहे. शिबपूर येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे 'जोनेसिया असोका' या नावाने शास्त्रीय वर्णन केले. पुढे याच उद्यानाचे अधीक्षक थॉमस अँडरसन यांनी 1861 मध्ये जावाहून सिंकोनाची रोपे आणली आणि दार्जिलिंगच्या डोंगरात छाट कलमांद्वारे त्यांची संख्या वाढवली. मोजक्या रोपांतून लागवड उभी करण्याचे छाट कलम हे जुने व खात्रीचे साधन आहे.

अशोकाचे ताजे बी उगवते. परंतु साठवणुकीत त्याची उगवणक्षमता लवकर घटते. त्यामुळे छाट कलमाकडे वळणे स्वाभाविक आहे. मात्र जुन्या झाडाच्या शेंड्याकडील फांद्यांना मुळे फुटणे अवघड जाते. खोडाच्या तळाशी येणारे जोमदार फुटवे निवडावेत. पेन्सिलीच्या जाडीचे, अर्धपक्व, 15 ते 20 सेंमी लांबीचे व तीन-चार डोळ्यांचे छाट सकाळी काढून ओल्या गोणपाटात ठेवावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली तिरका घ्यावा. वरची पाने अर्धी कापावीत. एक ग्रॅम इंडोल ब्युटिरिक आम्ल थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून एक लिटर द्रावण केल्यास 1000 पीपीएम मात्रा मिळते. काही छाट या मात्रेत व काही 2000 पीपीएममध्ये पाच ते दहा सेकंद बुडवून आधी लहान तुकडीवर चाचणी घ्यावी. वाळू व कोकोपीटचे माध्यम, सावली आणि पॉलिटनेलमधील दमट हवा आवश्यक आहे. पालवी फुटली म्हणजे मुळे आली असे नव्हे. ती छाटातील साठ्यावरही फुटते. घाईने पिशवी बदलल्यास अशी रोपे हमखास मरतात.

छाटाबरोबर कीडही येते. खवले कीड व पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात लपून येतात आणि बंदिस्त उबदार हवेत झपाट्याने वाढतात. मुंग्यांची ये-जा हा त्यांचा पहिला सुगावा. भिंगाखाली तपासूनच छाट आत घ्यावेत. प्रादुर्भाव असलेले नष्ट करावेत.

यापेक्षा गंभीर चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही. एकाच झाडापासून केलेली शेकडो कलमे म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या तेच एक झाड. कीटकांनी त्यांच्यात परागकण कितीही फिरवले तरी ते स्वपरागीभवनच ठरते. आणि एका कलमाला घातक ठरणारा रोग साऱ्यांनाच घातक ठरू शकतो. म्हणून वेगवेगळ्या गावांतील, परसातील वा देवळाच्या आवारातील किमान 15 ते 20 झाडांपासून, मालकांच्या संमतीने, छाट घ्यावेत. प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक देऊन तो पिशवीवर लिहावा व लागवडीत भिन्न क्रमांकांची रोपे शेजारी लावावीत.