सायमन, पॉल

सायमन, पॉल : (१३ ऑक्टोबर १९४१– ). अमेरिकन पॉप गायक, गीतकार व संगीतरचनाकार. ‘सायमन अँड गार्फंकल’ या विख्यात गायकद्वयातून १९७० मध्ये बाहेर पडून त्याने स्वतंत्र कारकीर्द घडविली. जन्म न्यू जर्सी राज्यातील नूअर्क येथे. बालपण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात गेले. वडील बासवादक व वाद्यवृंदप्रमुख होते. शालेय जीवनातच आर्ट गार्फंकल याच्याशी त्याची मैत्री झाली आणि १९५७ मध्ये ‘टॉम अँड जेरी’ या नावाने दोघांनी गायिलेले ‘हे, स्कूलगर्ल’ हे गीत बऱ्यापैकी गाजले. त्याच सुमारास सायमनने गार्फंकलला न कळविता टोपणनावाने एकट्याची ध्वनिमुद्रिका काढली. पुढील दुराव्याचे बीज येथेच पडले, असे म्हणता येईल.

१९६४ मध्ये या द्वयाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका अयशस्वी ठरल्यावर सायमन इंग्लंडमध्ये एकटाच गाऊ लागला व तेथे त्याने १९६५ मध्ये द पॉल सायमन साँगबुक ही ध्वनिमुद्रिका केली. दरम्यान निर्माता टॉम विल्सन याने त्यांच्या ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ या जुन्या मुद्रणावर, दोघांनाही न विचारता, विद्युत् गिटार व ड्रम यांची साथ चढविली. १९६६ च्या प्रारंभी ते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले आणि या यशाने द्वय पुन्हा एकत्र आणले.

द्वयातील श्रमविभागणी मात्र विषम होती. बहुतेक सर्व रचना सायमनच्या असत, गार्फंकलचा उंच, निर्मळ आवाज त्यांना स्वरसंवादाची झळाळी देई. गार्फंकल कॅच-२२ या चित्रपटासाठी दीर्घकाळ मेक्सिकोत अडकल्याने ताण वाढला. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ (१९७०) हे गीत सायमनने स्वतःच गार्फंकलला एकट्याने गावयास दिले. त्याला मिळणारा टाळ्यांचा कडकडाट रंगमंचाच्या कडेला उभे राहून ऐकताना वाटलेली खंत त्याने पुढे अनेकदा व्यक्त केली. लोकप्रियतेच्या या शिखरावरच द्वय फुटले.

एकट्या सायमनचा आवाज मृदू, बोलण्याच्या जवळ जाणारा व मर्यादित पल्ल्याचा. जोडीच्या स्वराची उणीव त्याने दुसरा गायक शोधून नव्हे, तर नवनवीन ताल व साथसंगत शोधून भरून काढली. ‘मदर अँड चाइल्ड रीयुनियन’ (१९७२) जमेकातील किंग्स्टन येथे रेगे वादकांसह, तर देअर गोज ऱ्हायमिन सायमन (१९७३) या ध्वनिमुद्रिकेतील काही गीते अलाबामातील मसल शोल्स येथे मुद्रित झाली. स्टिल क्रेझी आफ्टर ऑल दीज यीअर्स (१९७५) या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक लाभले. उलट, गार्फंकलला उत्तम आवाज असूनही इतरांच्या गीतांवर अवलंबून राहावे लागले. ‘ब्राइट आइज’ (१९७९) हे त्याचे इंग्लंडमधील अग्रस्थानचे गीत माइक बॅटने रचलेले होते.

१९ सप्टेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दोघे पुन्हा एकत्र गायिले, सु. ५ लक्ष श्रोते जमल्याचे सांगतात. त्यानंतर संयुक्त ध्वनिमुद्रिका योजिली गेली, परंतु सायमनने गार्फंकलचे गायन काढून टाकून ती हार्ट्स अँड बोन्स (१९८३) या नावाने एकट्याची म्हणून प्रसिद्ध केली. ती फारशी चालली नाही.

या अपयशानंतर तो १९८५ मध्ये जोहॅनिसबर्गला गेला. तेथील कृष्णवर्णीय वादकांसमवेत व ‘लेडीस्मिथ ब्लॅक मांबाझो’ या गायकवृंदासह सिद्ध झालेली ग्रेसलँड (१९८६) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती होय. तिलाही ग्रॅमी मिळाले. पण वर्णभेदी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी पुरस्कारिलेला सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याबद्दल सायमनवर कडक टीका झाली. वादकांना भरघोस मोबदला दिला होता, हे त्याचे समर्थन रास्त असले, तरी बहिष्कार पुकारणाऱ्यांच्या आक्षेपाचे ते पूर्ण उत्तर नव्हते. मिरियम मकेबा व ह्यू मासेकेला हे निर्वासित दक्षिण आफ्रिकी कलावंत मात्र १९८७ च्या दौऱ्यात त्याच्यासोबत उभे राहिले.

‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ मध्ये द्वयाचा समावेश १९९० मध्ये, तर स्वतंत्र गायक म्हणून सायमनचा २००१ मध्ये झाला.