मु. पो. चऱ्होली, मार्गे अरबस्तान

एका कोऱ्या पाकिटावर हा पत्ता लिहा पाहू: मु. पो. चऱ्होली बुद्रुक, ता. हवेली, जि. पुणे. झाला लिहून? आता सांगा, एवढ्याशा ओळीत अरबी शब्द किती आले?

एकही नाही म्हणालात, तर फसलात. निदान तीन आहेत. मु. म्हणजे मुक्काम, तो अरबी. ता. म्हणजे तालुका, तोही अरबी. त्याचा मूळ अर्थ 'संबंध', एखाद्याशी जोडलेलं असणं. आणि जि. म्हणजे जिल्हा. याची तर गंमतच आहे. अरबीत त्याचा पहिला अर्थ आहे बरगडी! बरगडी म्हणजे शरीराची बाजू, मग कुठलीही बाजू, मग मुलखाची एक बाजू, असा अर्थ पसरत गेला. भूगोलाच्या तासाला 'महाराष्ट्राला बरगड्या किती?' असं विचारून बघा. (बाई काय म्हणतील त्याची जबाबदारी माझी नाही.)

बाकीच्या तुकड्यांपैकी 'पो.' इंग्रजांकडून आला आणि 'बुद्रुक' इराणच्या फारसीतून. मूळ बुजुर्ग, म्हणजे मोठं. इंद्रायणीपलीकडे चऱ्होली खुर्द आहे ना, त्यातलं खुर्दही फारसीच, म्हणजे धाकटं.

हा फारसीचा मामला महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक अरबी शब्द आपल्याकडे तिच्याच बोटाला धरून आले. अरब व्यापारी कोकणात फार पूर्वीपासून गलबतं आणत होते. मसूदी नावाचा अरब प्रवासी दहाव्या शतकात आपल्या चौल बंदरात येऊन गेला आणि त्यानं त्या शहराबद्दल लिहूनही ठेवलं. पण खरा लोंढा आला तो राजदरबारांतून. 1347 मध्ये दख्खनमध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. पुढे निजामशाही आणि आदिलशाही आली. त्यांचा बराचसा कारभार फारसीत चाले आणि त्या फारसीत अरबी शब्द ठासून भरलेले असत. शेतसारा भरायला गेलेल्या पाटलाच्या कानावर रोज तेच पडणार: अर्ज, हुकूम, जमा, हिशेब, महसूल. कानावर पडलेलं मग तोंडातही बसतं.

आता जादू बघा. अरबीत शब्द बनवायची एक अजब रीत आहे. बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनं असतात. तीच ठेवायची आणि मधले स्वर बदलायचे, पुढे-मागे एखादं अक्षर जोडायचं, की नवा शब्द तयार. क-व-म घ्या. याचा अर्थ उभं राहणं. त्यापासून मकाम, म्हणजे उभं राहायची, थांबायची जागा. तोच आपला मुक्काम. उभा आहे तो हलतच नाही, म्हणून कायम. आणि वस्तू बाजारात ज्या भावाला उभी राहते ती किंमत! (मधला व कधी य होतो, कधी नुसता स्वरात मुरतो, म्हणून पटकन ओळखू येत नाही.) तिघं सख्खी भावंडं, पण मराठीत आल्यावर एकमेकांना ओळखही देत नाहीत.

दुसरं घर गोळा करण्याचं. वहीत गोळा होते ती जमा. माणसं गोळा होतात ती जमात. नमाजासाठी गोळा व्हायचा दिवस तो जुम्मा, आणि जिथे गोळा व्हायचं ती जामा मशीद. जमाखर्चाची दप्तरं सांभाळणारा तो मुजुमदार. तुमच्या वर्गात कुणी मुजुमदार असेल, तर त्याला त्याचे हे अरबी चुलते जरूर दाखवा.

काही शब्द उच्चार बदलल्यामुळेही ओळखू येत नाहीत. अरबीत 'दाद' नावाचं एक अक्षर आहे, जड द सारखं. ते इतरांना इतकं अवघड जातं, की अरब आपल्या भाषेला अभिमानानं 'या अक्षराची भाषा' म्हणतात. इराण्यांनी त्याचा झ केला आणि आपण ज. म्हणून अरबी मुलगा 'हादिर' म्हणेल तिथे तुम्ही हजेरीला 'हजर!' म्हणून ओरडता. एकाच शब्दाची ही दोन तोंडं.

मुक्कामाकडे परत येऊ, कारण तो चऱ्होलीच्या अगदी दारातून जातो. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते, तेव्हा चऱ्होलीच्या थोरल्या पादुकांपाशी थांबते. ते थांबणं थोड्या वेळाचं, त्याला म्हणायचं विसावा. हा शब्द अस्सल घरचा. रात्री पालखी पुण्यात भवानी पेठेत टेकते, तो मुक्काम. पालखीचा हा सोहळा ज्यांनी शिस्तीत बसवला, ते साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा. आळंदीच्या देवळात त्यांच्या नावाची पायरी आहे. त्यांच्या नावातलं हैबत, म्हणजे दरारा, हेही अरबीच. वारकऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी तर सरकारदरबारी लिहितात तशा 'अर्जदास्ती' रचल्या, शब्द दरबारचे आणि सांगणं भक्तीचं.

आणि अरबस्तानात मकाम म्हणजे आणखी काय असतं माहीत आहे? गाण्यातला राग! अगदी आपल्यासारखा राग नव्हे, पण सूर कुठून निघायचे, कुठे टेकायचे हे ठरवणारा साचा. अनेक देशांत कुराणाचं पठण आणि अजानही अशा मकामांच्या सुरात होते. आपल्या भागात मशिदीतून अजान ऐकू येते, तीही अरबीतच. ती देणाऱ्याची घरची भाषा मराठी असो, दख्खनी असो, नाहीतर चाकणच्या कारखान्यात कामाला आलेल्याची भोजपुरी, अजान मात्र जगभर अरबीतच.

आपल्या गाण्यात अरबी किती? पोवाडा गातो तो शाहीर, मूळ अरबी 'शाइर', म्हणजे कवी. त्याच्या हातातला डफ अरबी. तबल्याचं नाव अरबी. तमाशात रंगतात ते सवाल आणि जवाब, दोन्ही अरबी. खुद्द तमाशा हा शब्द अरबीतल्या 'चालणं' या अर्थाच्या धातूवरून आलाय: चार जणांनी मिळून फिरणं, मग फिरताना दिसलेली मौज, मग मौजेचा खेळ. तुणतुणं आणि ढोलकी तेवढी आपली, आणि माझ्या मते त्यांच्याशिवाय मजाही नाही.

सगळ्यात भन्नाट गोष्ट मी शेवटी राखून ठेवली आहे. अनेक जुन्या मराठी कागदांवर साल आकड्यांत नसे, अरबी संख्यानामांत असे! झालं असं, की मुसलमानी हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. त्यामुळे ते हंगामांतून सरकत राहतं. आता सारा गोळा करायचा पिकं आल्यावर. म्हणून दख्खनमध्ये चौदाव्या शतकात शुहूर सन निघाला. नाव अरबी, आकडे अरबी, पण वर्ष सुरू व्हायचं मृग नक्षत्र लागलं की. शेतकरी पेरणीला लागले, की कारकुनाचं नवं साल! म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत. पेशव्यांच्या दप्तरातही तेच चाले.

एक साल सोडवून दाखवतो. 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000. बेरीज 1161. जानेवारीतली तारीख असेल तर त्यात 600 मिळवायचे. आलं 1761, पानिपतचं साल.

आता तुमची पाळी. 'खमस सबैन व अलफ'. खमस 5, सबैन 70. महिना जूनचा, म्हणून 600 नव्हे, 599 मिळवा. त्या साली जूनच्या 6 तारखेला कोणत्या किल्ल्यावर काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि हो, किल्लासुद्धा अरबी बरं का!