थाई कढईतील टोफू आणि आपला आहारविवेक

रत्नव्यापाराच्या निमित्ताने बँकॉकला जाणे-येणे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना नवे नाही. सीलोम भागातील पेढ्यांवर व्यवहार उरकतो. परंतु भोजनाची वेळ झाली की मनात शंका उभी राहते. ‘शाकाहारी’ म्हणून पुढे आलेल्या ताटात नेमके काय आहे? ही शंका अनाठायी नाही. थाई स्वयंपाकात मिठाचे काम बहुधा ‘नाम प्ला’ हा माशांपासून केलेला रस करतो आणि परतलेल्या भाज्यांवर कालवांचा सॉस सर्रास घातला जातो. भाजी डोळ्यांना निर्दोष दिसते. दोष असतो तो तिच्या रसात.

म्हणून दोन थाई शब्द ध्यानी ठेवावेत. पहिला ‘मांगसाविरात’. हा आपल्या ‘मांसविरती’चाच थाई अवतार होय. परंतु या अन्नात अंडे, कांदा, लसूण असू शकते. दुसरा शब्द ‘जे’. या अन्नात मांस, मासे, अंडी आणि दूध नसते; शिवाय लसूण, कांदा व त्यांच्या वर्गातील उग्र भाज्याही वर्ज्य असतात. पिवळ्या पताकेवरील हे लाल अक्षर इंग्रजी अंकांतील १७ सारखे दिसते. आपल्या आश्विनातील नवरात्राच्या सुमारास थायलंडमधील चिनी वंशाचे लोक नऊ दिवस हे व्रत पाळतात. फुकेतचा उत्सव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तथापि ‘जे’ म्हणजे संपूर्ण जैन भोजन नव्हे. त्यात अळंबी, गाजर, मुळा, आले चालते. तेव्हा ‘माय साय हेत’ (अळंबी घालू नका), ‘माय साय खिंग’ (आले घालू नका) असे स्पष्ट सांगावे.

हाच पदार्थ घरी करणे अगदी सोपे आहे. चौघांसाठी २५० ग्रॅम घट्ट टोफू, १ ढोबळी मिरची, १०० ग्रॅम फरसबी, ८ बेबी कॉर्न, १ कोवळा दोडका, १० काजू आणि तुळशीची १५-२० पाने घ्यावीत. टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटे वजनाखाली ठेवावा. पाणी निघून गेले की तो कढईत फुटत नाही. चौकोनी तुकडे करून २ चमचे तेलात सोनेरी परतून बाजूला काढावेत. त्याच कढईत चिमूटभर हिंग, चिरलेली हिरवी मिरची व गवती चहाचा ठेचलेला दांडा घालावा. आच मोठी ठेवून आधी फरसबी व बेबी कॉर्न, मग दोडका आणि शेवटी ढोबळी मिरची टाकावी. भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत. झाकण ठेवू नये. त्यावर चिंचेचा कोळ, किंचित गूळ व मीठ यांचे मिश्रण ओतावे, टोफू परत घालावा, गवती चहाचा दांडा काढून टाकावा आणि आच बंद करून तुळस, भाजलेले काजू व लिंबाचा रस मिसळावा. सोबत मोकळा भात असावा.

सोया सॉस आंबवून केलेला असल्याने अनेक घरांत तो चालत नाही. शिवाय त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विसरू नये. टोफू मात्र आंबवलेला नसतो. सोयाबीनचे दूध क्षाराने साकळवून तो करतात. त्यातून उत्तम प्रथिने मिळतात आणि कोलेस्टेरॉल मुळीच नसते. सोयाबीन द्विदल असल्याने ज्यांच्या घरी द्विदलाचा नियम आहे, त्यांनी त्यासोबत कच्चे दही-ताक वाढू नये. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असेल तर तुळस वगळावी. लिंबाच्या रसाने चव राखली जाते.

चिरणे आधी झालेले असेल तर प्रत्यक्ष परतण्यास १०-१२ मिनिटेच पुरतात. दुकानातून सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणाऱ्यास ताजे, गरम अन्न वेळेत मिळते. नव्या चवींची ओढ असलेल्या मुलांनाही बाहेरच्या ताटातील संशय पत्करावा लागत नाही. नियम मोडूनच जगाची चव कळते असे नाही. काय वगळायचे हे ठाऊक असले की परदेशातील पदार्थही आपल्या चुलीवर निःशंकपणे शिजतो.