शोधयंत्राची साक्ष आणि राणीचे जन्मसाल

झाशीच्या नगरा वस्तीतील एखाद्या मराठी घरातला विद्यार्थी राणी लक्ष्मीबाईंवर निबंध लिहावयास बसला, म्हणजे ग्रंथालयाची पायरी चढण्याऐवजी तो मोबाइललाच राणीचे जन्मसाल विचारतो, आणि क्षणार्धात समोर आलेले १८२८ हे उत्तर कोणा जाणत्याने पारखूनच तेथे ठेवले असले पाहिजे, अशी त्याची आणि त्याच्या वडीलधाऱ्यांचीही निःशंक समजूत होते. वस्तुतः मराठी चरित्रपरंपरेत १८३५ हे साल दीर्घकाळ चालत आले आहे. हा भेद किरकोळ नव्हे. १८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याशी विवाह झाला तेव्हा वधू सहा-सात वर्षांची होती की तेरा-चौदा, आणि १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडलेली राणी बाविशीची होती की एकोणतिशीची, हे सारे या एका आकड्यावर अवलंबून आहे.

आपण प्रश्न विचारताच शोधयंत्र साऱ्या जगाचे महाजाल धुंडाळून येते, हा मुळातील गैरसमज होय. स्वयंचलित प्रणाली अहोरात्र पाने वाचून त्यांची एक अवाढव्य सूची आगाऊच सिद्ध करून ठेवतात आणि आपला प्रश्न त्या सूचीपुरताच शोधला जातो. जे पान सूचीत दाखल झाले नाही, ते अस्तित्वात असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. उत्तरांचा क्रम लावताना, गूगलच्या संस्थापकांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीनुसार, एखाद्या पानाकडे अन्य किती पानांनी दुवे दिले आणि ती पाने स्वतः किती वजनदार, हे पाहिले जाऊ लागले. पुढे त्यात अनेक निकषांची भर पडली. या मोजदादीत लोकमान्यता कळते, पुरावा कळत नाही. एका पानावरील साल शंभरांनी उतरवून घेतले, तर यंत्रास शंभर साक्षीदार दिसतात, परंतु न्यायाच्या दृष्टीने साक्ष एकच असते. अलीकडे उत्तरांच्या शिरोभागी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला जो सारांश झळकतो, त्याची सामग्रीही बहुधा याच पानांची. त्यास स्वतंत्र दाखला मानणे सर्वस्वी अयोग्य.

सर्वांस एकच उत्तर दिसते, हेही खरे नाही. शोधणाऱ्याचे ठिकाण आणि भाषा पाहून क्रम बदलतो, आणि देवनागरी लिपी हिंदी-मराठीस समान असल्याने झाशीत मराठीतून विचारलेल्या प्रश्नास हिंदी पाने पुढे आली, तर त्यात नवल नाही.

ही माहिती आकाशातील उपग्रहांवरून उतरते, अशी समजूतही सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात देशादेशांमधील बहुतांश दळणवळण समुद्रतळाच्या तारांतून चालते, आणि देशांतर्गत प्रवासात रेल्वेमार्गांच्या कडेने रेलटेल या सरकारी कंपनीने अंथरलेल्या प्रकाशतंतूंचाही वाटा आहे. रेल्वेच्या नोकरदारांची वस्ती असलेल्या नगऱ्यास याचे कौतुक वाटावे.

सर्वांत घातक गैरसमज मात्र निराळाच आहे: जे महाजालावर सापडत नाही, ते नाहीच. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या अमदानीतील मराठी कारभाराची लिपी मोडी. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीस स्थान मिळाले, तथापि त्यामुळे रुमालांत बांधलेला एकही जुना कागद आपोआप वाचला गेला नाही; जाणकाराने बसून लिप्यंतर करीपर्यंत तो कागद यंत्राच्या लेखी मुकाच राहतो. छापील ग्रंथांचेही तसेच. पुस्तकाच्या पानांची केवळ छायाचित्रे चढवली आणि त्यांतील अक्षरे ओळखून घेतली नाहीत, तर त्यातील मजकूर शोधात येत नाही.

झाशीच्या वेढ्यात स्वतः सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा या विषयातील अमोल ऐवज. तोही महाजालावर मिळाला एवढ्याने काम भागत नाही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी तो संपादित करून छापला, तर १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून प्रसिद्ध केला. दोहोंत फरक आहे. शोधयंत्र या दोन्ही आवृत्त्या एकाच नावाखाली शेजारी मांडून मोकळे होते. म्हणून नगऱ्यातील त्या विद्यार्थ्याने पुस्तक उघडताच मुखपृष्ठ ओलांडून संपादकाचे नाव आणि प्रकाशनवर्ष आधी पाहावे, आणि निबंधात राणीचे जन्मसाल लिहिताना १८२८ व १८३५ ही दोन्ही साले, ती कोठून घेतली त्या ग्रंथांच्या नावांसह नमूद करावीत.