जुना संगणक, जुने फॉन्ट आणि फुकटचा पहारेकरी

आमच्या इंदूरच्या वाचनालयातला संगणक २०११ साली देणगीतून घेतलेला. विंडोज ७, दोन जीबी रॅम, आणि पोटात अकरा वर्षांच्या स्मरणिका. त्याहून मोलाचा म्हणजे आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याने जमवलेला माळव्यातल्या मराठी बोलीचा शब्दसंग्रह, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला. एका संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह लावला आणि त्यातला प्रत्येक फोल्डर नुसता शॉर्टकट होऊन बसला. थोड्याच वेळात तीच कळा संगणकावरही दिसू लागली. शब्दसंग्रह गेला असे समजून मी कपाळाला हात लावला. बारावीतल्या एका विद्यार्थिनीने सांगितले, ‘‘सर, फाइली गेल्या नाहीत, लपवल्यात.’’ ते खरे निघाले. हा व्हायरस मूळ फाइल लपवतो आणि तिच्या नावाचा सापळा पुढे ठेवतो.

मग फुकट अँटिव्हायरसचा शोध सुरू झाला. पहिली चूक माझीच: एकाऐवजी दोन बसवले. दोन कुलपे लावली की दार जास्त पक्के, हा हिशेब इथे चालत नाही. अँटिव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल मध्येच अडवून तपासतो. दोघे एकाच फाइलवर झडप घालतात, एकमेकांवरही संशय घेतात, आणि संगणक बिचारा चहा होईपर्यंत एक पान उघडत नाही.

मुख्य प्रश्न रॅमचा. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी सतत स्मृतीत ठेवावी लागते. क्लॅमएव्ही हा मुक्त स्रोत अँटिव्हायरस फुकट आणि प्रामाणिक, पण त्याचे कर्तेच किमान तीन जीबी रॅम सुचवतात. म्हणजे आमच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर. ‘हलका’ या जाहिरातीवर न जाता आधी उत्पादकाने दिलेल्या गरजा वाचाव्यात: रॅम किती, आणि आपले विंडोज त्या यादीत अजून आहे का? मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. भिंतीलाच भगदाड असेल तर दारावरचा पहारेकरी कितीसा पुरणार?

फुकटची किंमत कधी जाहिरातींत मोजावी लागते, कधी माहितीत. अवास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली होती. २०२० मध्ये ती कंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकट ते सगळे वाईट असे मी म्हणत नाही, पण बसवताना ‘पुढे’ ‘पुढे’ दाबत जाण्याची सवय मात्र मी मोडली.

आता आपल्या लोकांची खास अडचण. जुन्या मराठी फॉन्टसोबत येणारा कीबोर्डचा प्रोग्राम आपण दाबलेली प्रत्येक कळ पकडतो आणि तिचे अक्षर बदलतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही कळाच पकडतात. त्यामुळे वर्तनावरून पारख करणारा अँटिव्हायरस बिचाऱ्या मराठी कीबोर्डलाच चोर ठरवू शकतो. आमच्याकडे तेच झाले. एका सकाळी ‘क’ दाबला तर इंग्रजी अक्षर उमटले. प्रोग्राम क्वारंटाइनमध्ये, म्हणजे विलगीकरणात, पडला होता. तिथून तो परत आणता येतो आणि त्याचा फोल्डर अपवादांच्या यादीत टाकता येतो. मात्र आपली प्रत मूळ सीडीवरची आहे याची खात्री असेल तरच. कुणाकडून तरी उतरवून घेतलेल्या प्रतीला ही सवलत देऊ नये. घाईने ‘डिलीट’ तर मुळीच दाबू नये.

शेवटी मी जुन्या संगणकाचे इंटरनेटच काढले. आता तो टाइपरायटरसारखा वापरतो. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी कार्यालयातल्या नव्या लॅपटॉपवर तपासला जातो. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पुरा अँटिव्हायरस विंडोजमध्येच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. विंडोज ७ मध्ये त्याच नावाचा प्रोग्राम आहे, पण तो फक्त हेरगिरीचे प्रोग्राम पाहतो. या नावसाधर्म्यावर मी दोन वर्षे निर्धास्त राहिलो होतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची फुकट साधने मिळतात. परवानगी असलेलाच पेन ड्राइव्ह चालावा म्हणून सी-डॅकने केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथेच आहे. पहारेकरी जागा आहे का हे पाहायचे तर आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. ती पाहूनही जो ओरडत नाही, तो झोपलेला समजावा.

शब्दसंग्रहाच्या दोन प्रती आता दोन वेगळ्या घरी आहेत, आणि तो युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे. रूपांतर करणारा प्रोग्राम रफारावर आणि जोडाक्षरांवर अडखळतो, म्हणून प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते. ती विद्यार्थिनी रविवारी येते. सध्या आम्ही ‘प’वर आहोत.